गावाकडे रोज चालवायला जुनी फोर-बाय-फोर गाडी कशी निवडावी

आमच्या गावापासून वावरापर्यंतची पांदण सव्वा किलोमीटरची आहे. उन्हाळ्यात त्या पांदणीतून कोणतीही गाडी जाते. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की ट्रॅक्टर आणि बैलबंडीशिवाय काही जात नाही. यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंतच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात काळ्या मातीची हीच गत आहे, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांमधले रस्ते व पुलावरून पाणी वाहणारे नाले तीच अडचण वेगळ्या रूपात उभी करतात. म्हणून गावात राहून रोज तालुक्याला नोकरीसाठी, दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी जाणाऱ्या माणसाला कधी ना कधी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी, गाडी घ्यावीशी वाटते, आणि नवी परवडत नसल्यामुळे तो जुन्या बाजाराकडे वळतो. मी अशा दोन गाड्या घेतल्या. पहिलीत फसलो, दुसरी अजून दारात उभी आहे. त्या दोन्हींतून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी दिवस मोजावेत

गाडी पाहायला निघण्यापूर्वी एक साधी नोंद करावी: गेल्या वर्षभरात साध्या गाडीने जाणे खरोखर अशक्य होते असे दिवस किती? मृगापासून पोळ्यापर्यंतचा काळ मनाशी आठवला तरी आकडा बऱ्यापैकी अचूक निघतो. त्यातले ज्या दिवशी गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावून पायी जाता आले असते, ते दिवस वजा करावेत. उरलेला आकडा पंधराच्या आत असेल, तर माझ्या मते फोर-बाय-फोरच्या नादी लागू नये. मागच्या चाकांवर चालणारी चांगल्या स्थितीतली बोलेरो आणि तिला चार नवे टायर, एवढ्यावर काम भागते.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण फोर-बाय-फोरचा खर्च खरेदीपाशी थांबत नाही. ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस, ती पुढे नेणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट, ती डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे पुढचे डिफरन्शियल आणि पुढची चाके याला जोडणारे हब एवढी यंत्रणा जास्तीची असते, आणि ती वर्षातले अकरा महिने वापरली नाही तरी तिचे ऑइल, सील आणि ग्रीस सांभाळावेच लागते. इंधनाचेही तसेच आहे. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल तर १०० लिटर लागतात. १४ देत असेल तर ७१ लिटर पुरतात. महिन्याला २९ लिटरचा हा फरक पाच वर्षे सोसायचा असतो.

दुसरी गोष्ट मातीची. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरच्या नक्षीत गच्च बसते. मग चारही चाके गुळगुळीत रूळ झाल्यासारखी जागच्या जागी फिरतात. अशा मातीत फोर-बाय-फोर गाडी साध्या गाडीपेक्षा पुढे जाते, हे खरे. पण फसली की अधिक आत जाऊन फसते आणि काढायला ट्रॅक्टरच लागतो. हिचा खरा उपयोग मुरमाच्या निसरड्या चढावर, मेळघाटातल्या गोट्यांच्या वाटांवर, नाल्याच्या रेतीतून पलीकडच्या काठावर चढताना आणि ओल्या गवतावर होतो. पुलावरून वाहते पाणी असेल तर मात्र तिचा काहीच उपयोग नाही. पाण्याच्या जोरापुढे गाडी तरंगते, आणि तरंगणाऱ्या गाडीची दोन चाके फिरतात की चार, याने काही फरक पडत नाही.

कोणती गाडी कोणाच्या कामाची

मारुतीची जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली आणि तिचे उत्पादन थांबूनही काही वर्षे झाली आहेत. वजनाला हलकी, पोटाखाली २१० मिलिमीटर जागा, चारही बाजूंना पाट्याच्या स्प्रिंग आणि साधे पेट्रोल इंजिन, यामुळे चिखलात ती अजूनही तोडीस तोड आहे. परंतु रोजच्या वापराला ती कठीण जाते. पाठीमागच्या आडव्या बाकांवर म्हाताऱ्या आईवडिलांना बसवून यवतमाळहून नागपूरला न्यायचे असेल, तर जिप्सी घेऊ नये.

महिंद्राची जुनी थार २०१० मध्ये आली. तिची सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनाची) आवृत्ती ओढायला ताकदवान आहे, आणि २०१५ च्या सुधारणेनंतर काही गाड्यांना मागचे डिफरन्शियल आपोआप लॉक होण्याची, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरण्याची, सोयही मिळाली. कापडी छत हा तिचा मोठा दोष आहे; आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्या छताखाली एसी हरतो. २०२० ची थार सर्व बाबतींत सरस आहे, पण ती ‘स्वस्त’ या शब्दात अजून बसत नाही. शिवाय २०२३ पासून तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाते, त्यामुळे नुसते ‘थार’ या नावावर जाऊ नये.

कुटुंबासाठी मला स्कॉर्पिओ आणि टाटा सफारी स्टॉर्म यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्या अधिक योग्य वाटतात. पोलादी छत, समोर तोंड करून बसण्याच्या जागा, मोठ्या रस्त्यावर स्थिर चाल आणि तरीही लो गिअरची, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणाऱ्या जास्तीच्या गिअरची, सोय. यातल्या सफारी स्टॉर्मचे उत्पादन २०१९ मध्ये थांबलेले असल्याने तिचे काही सुटे भाग आता नागपूरहून मागवावे लागतात. स्कॉर्पिओचे भाग बहुतेक तालुक्यांत मिळतात. रेनॉची डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांवर चालणारी) ही वेगळ्या जातीची गाडी आहे. तिला लो गिअर नाही, पण पहिला गिअर मुद्दाम अगदी हळू आणि ताकदीचा ठेवलेला आहे, मागचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि खराब रस्त्यावर तिच्याइतकी आरामशीर गाडी या भावात क्वचितच मिळते. ज्याचा रस्ता खड्ड्यांचा आहे पण चिखल मोजका आहे, त्याने तिचा जरूर विचार करावा. मात्र तिचे काम जाणणारा मिस्त्री जवळच्या शहरात आहे ना, हे आधी पाहावे. फोर्सची गुरखा दोन्ही डिफरन्शियल लॉक करणारी भक्कम गाडी आहे, पण जुन्या बाजारात ती कमी दिसते.

या साऱ्या नावांपेक्षा मी एका प्रश्नाला जास्त वजन देतो: गाडी बंद पडली तर आपल्या तालुक्यातला मिस्त्री ती दोन दिवसांत चालू करू शकेल का? त्याच्याकडे जाऊन हे सरळ विचारावे. गाडी निवडण्यापूर्वी मिस्त्री निवडलेला बरा.

गाडीचे आधीचे आयुष्य

नंबर प्लेट बरेच सांगते. एमएच-०७ सिंधुदुर्गची आणि एमएच-०८ रत्नागिरीची. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीची चेसिस आतून गंजलेली असण्याची शक्यता आपल्या एमएच-२९ (यवतमाळ) किंवा एमएच-३२ (वर्धा) च्या गाडीपेक्षा अधिक असते. विदर्भाची कोरडी हवा लोखंडाला मानवते, म्हणून शक्यतो इकडचीच गाडी शोधावी.

इकडच्या गाड्यांतही दोन प्रकार जपून पाहावेत. ताडोबा, पेंच, मेळघाटात सफारीसाठी चाललेल्या जिप्सी वर्षानुवर्षे धुळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरलेल्या असतात. मीटरवरचे किलोमीटर कमी दिसले तरी इंजिनचे तास फार झालेले असतात. वणी, घुग्घुस, उमरेडच्या खाणपट्ट्यात भाड्याने चाललेल्या गाड्यांनी कोळशाची धूळ खाल्लेली असते. अशा गाड्या अनेकदा व्यावसायिक म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्या खासगीत बदलून घेण्याचे काम वेळ व पैसा दोन्ही खाते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. भाव मोहात पाडणारा असला, तरी परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. ती रक्कम किमतीत धरल्यावर स्वस्ताई बहुधा उरत नाही.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी पाहण्यापूर्वीच परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे पाहून घ्यावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार देऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले, आणि पर्यावरण कर वेगळा. तेव्हा २०११ ची गाडी आणि २०१३ ची गाडी यांच्या भावात दिसणारा फरक पुष्कळदा याच खर्चाचा असतो.

जुन्या जीपगाड्यांत इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर बॅटरीच्या उजेडात, चिंधीने पुसून, एकेक अक्षर जुळवून पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले आहे. लोखंडी जाडजूड बंपर, मडगार्डबाहेर आलेले रुंद टायर, उंच केलेली बॉडी हे सगळे दिसायला रुबाबदार असते. पण पासिंगच्या दिवशी ते उतरवावे लागते आणि अपघाताच्या विम्यात वाद निघू शकतो. मी तर अशी सजवलेली गाडी सरळ सोडून देतो, कारण ती बहुधा जोरात पिटाळलेली असते.

थंड इंजिन, आणि मग गाडीखाली

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की आपण येईपर्यंत गाडी चालू करू नये. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड डिझेल इंजिन फार स्टार्टर न मारता सुरू झाले पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, पण निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. चालू इंजिनचे ऑइलचे झाकण सैल करून पाहावे: तिथून फकफक वाफ येत असेल, झाकण उडू पाहत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने दाब खाली गळतो आहे, आणि इंजिन खोलण्याच्या बेतात आहे. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधट फेस दिसला तर तिथेच नमस्कार करून परत यावे.

यानंतरची पायरी लोक टाळतात, आणि मीही टाळली होती. पहिली गाडी मी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, फक्त वरून पाहून घेतली. फोर-व्हीलचा दांडा व्यवस्थित पडत होता, डॅशबोर्डवर दिवा लागत होता. जुलैत एका संध्याकाळी नाल्याच्या चढावर गाडी अडली. दांडा टाकला, दिवा लागला, मागची चाके चिखल उडवत फिरू लागली आणि पुढची दोन्ही जशीच्या तशी उभी राहिली. सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढल्यावर पोते अंथरून मी गाडीखाली शिरलो. ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडावर वाळलेले ग्रीस, त्यावर मातीचा थर आणि बोल्टची चार रिकामी भोके होती. पुढचा प्रोपेलर शाफ्टच कोणीतरी काढून टाकलेला होता. तो बहुधा आवाज करत असावा, आणि दुरुस्त करण्यापेक्षा काढणे स्वस्त पडले असावे. मला ते पाहायला गाडीखाली एक मिनिट पुरले असते.

म्हणून पोते सोबत न्यावे आणि खाली झोपून पाहावे. पुढचा व मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट जागेवर हवेत. ते हाताने हलवून त्यांच्या क्रॉसमध्ये (सांध्यांमध्ये) खुळखुळ नाही ना ते पाहावे. मिस्त्री सोबत असेल तर दोन्ही डिफरन्शियलचे वरचे बोल्ट सैल करून करंगळीने ऑइल काढून पाहावे. ते चहासारखे दुधट दिसले तर आत पाणी गेलेले आहे आणि बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन या आतल्या गिअरचा भरवसा उरत नाही. चेसिसवर, विशेषतः पाट्याच्या स्प्रिंगचे टोक जिथे बसते त्या जागी, नवी वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग संशयास्पद समजावा. जिप्सीच्या पुढच्या चाकामागचा गोल गोळा तेलाने माखलेला असेल तर सील गेलेले आहे.

गडचिरोली किंवा चंद्रपूरकडच्या पूरपट्ट्यातली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. बाकी गाडी धुऊन चकचकीत करता येते, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकावर गाळाची रेघ राहून जाते.

चालवून पाहणे

शक्य असेल तर उन्हाळ्यात, दुपारी एकच्या सुमारास चालवावी. अर्धा तास एसी लावून गावातल्या गर्दीतून आणि चढावरून न्यावी. तापमानाचा काटा वर सरकला तर आपल्या हवेत ती गाडी रोज त्रास देणार. मग मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. आता समृद्धी महामार्ग विदर्भातून जात असल्याने अनेकांचा नागपूरचा प्रवास त्यावरूनच होतो. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा असली, तरी पाट्याच्या स्प्रिंगची जुनी गाडी ८०-९० च्या पुढे नेऊ नये, आणि जुन्या टायरवर तर मुळीच नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांची खूण असते; २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच, असे धरून भाव करावा.

फोर-व्हीलची परीक्षा कच्च्या, भुसभुशीत जागेवरच घ्यावी. जिप्सी, थार, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमध्ये मधले डिफरन्शियल नसते. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि कोरड्या डांबरावर चाक घसरायला वाव नसल्याने तो ताण गिअरवर चढतो. कच्च्यावर मात्र एक माणूस बाहेर उभा करून पुढची चाके माती ओढतात का, हे त्याला पाहायला सांगावे. त्यानंतर गाडी पूर्ण थांबवून लो गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटर न देता पहिल्या गिअरमध्ये सोडावी. ती चालत्या माणसाहून हळू, पण न अडखळता सरकली पाहिजे. हाताने लॉक करायचे हब असतील तर आणखी एक खात्रीचा उपाय आहे. हब लॉक करावेत, मागच्या चाकांना गोटे लावावेत आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. टू-व्हीलमध्ये ते हाताने फिरेल. फोर-व्हील टाकल्यावर ते अडले पाहिजे. अडले नाही, तर पुढची यंत्रणा काम करत नाही.

२०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी पाहत असाल तर एक वेगळी काळजी. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ वेगाने चालावी लागते. ज्याची रोजची फेरी गाव ते तालुका एवढीच, दहा-बारा किलोमीटरची आहे, त्याच्याकडे तो फिल्टर तुंबतो. अशा माणसाने पेट्रोल गाडी पाहावी.

भाव आणि पहिले काही दिवस

हाती पाच लाख असतील तर गाडी चार लाखांची पाहावी. उरलेली रक्कम टायर, बॅटरी, क्लच आणि ऑइल यांत वर्षभरात जातेच, आणि ती बाजूला ठेवलेली नसेल तर चांगली गाडीही घरात भांडण आणते. भाव करताना सापडलेले दोष कागदावर लिहून, मिस्त्रीने सांगितलेला खर्च समोर ठेवून शांतपणे बोलावे. विकणारा खाली झोपू देत नसेल किंवा आपला मिस्त्री आणू देत नसेल, तर भाव कितीही उतरला तरी उठावे.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्याव्यात आणि नावावर करून घेण्याचे काम महिन्याच्या आत पुरे करावे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर वळवण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. टीटी फॉर्मवर (याच हस्तांतराच्या फॉर्मवर) सही घेऊन गाडी तशीच वर्षानुवर्षे फिरवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि अपघात झाला की आधीचा मालक व आताचा मालक दोघेही कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल बदलावे, कारण आधी कोणी कधी बदलले याचा भरवसा नसतो. टायर घेताना चारही एकाच मापाचे आणि शक्यतो एकाच झिजेचे असावेत; रोज डांबरावर चालणाऱ्याने ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारे) घ्यावेत, कारण मोठ्या नक्षीचे चिखलाचे टायर ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतात. गाडीत फावडे, ओढायचा मजबूत पट्टा आणि एक फळी कायम ठेवावी, म्हणजे जॅक चिखलात रुतत नाही. आणि मृग लागण्याआधी, माती कोरडी असतानाच, घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वावरात जाऊन फोर-व्हील टाकणे, काढणे आणि लो गिअरमध्ये उतरणे चार-पाच वेळा करून पाहावे. पुढे दर महिन्याला एकदा कच्च्यावर थोडे अंतर फोर-व्हीलमध्ये चालवले की सील सुकत नाहीत आणि दांडाही गंजून अडत नाही.